फ्रिजवरचा बाण

त्यांच्या फ्रिजवर एक लाल बाण आहे. बुटाच्या खोक्याचा पुठ्ठा कापून सासूबाईंनी तो केला, रंगवला आणि मागे चुंबक चिकटवलं. टोक खिडकीकडे असलं की पाळी नवऱ्याची, गॅसकडे असलं की बायकोची. गॅसची बाजू बायकोचीच का, हे विचारू नका. त्यावरून भांडण झालं तेव्हा बाण नव्हता, त्यामुळे त्याचा निकाल आजतागायत लागलेला नाही.

बाण मूळचा बास्केटबॉलचा. दोन खेळाडूंनी एकाच वेळी बॉल घट्ट धरला आणि कोणीच सोडेना, की रेफरी दोन्ही अंगठे वर करतो. हेल्ड बॉल. मग बॉल कोणाचा, हे टेबलावर ठेवलेला बाण सांगतो. बाण ज्यांच्या बाजूने, त्यांना रेषेबाहेरून बॉल आत फेकायला मिळतो. आत कोणाचा तरी हात बॉलला लागला की थ्रो-इन संपला आणि बाण लगेच उलटा फिरवायचा. पुढच्या वेळी पाळी दुसऱ्यांची. एवढी साधी गोष्ट आहे. जगातली निम्मी भांडणं यात मिटतील, पण लोकांना भांडण मिटवायचं नसतं, जिंकायचं असतं.

हे दोघे तरी वेगळे निघावेत अशी अपेक्षा होती. ती रेफरी आहे. मैदानावर तिला शिट्टीबाई म्हणतात. दिवसा ती चष्म्याच्या दुकानात काम करते. सामन्यात कोणी ओरडलं, "ओ बाई, चष्मा लावा!" तर ती पळता पळता सांगते, "दुकान दहाला उघडतं, या, फ्रेमवर सूट आहे." तो स्कोअरर. टेबलावर बसून गुण, फाऊल, टाइम-आउट लिहितो आणि बाण सांभाळतो. त्याचं नाव टेबलसाहेब. पोटासाठी तो खोक्यांच्या कारखान्यात मशीन चालवतो.

लग्नाच्या पहिल्या वर्षी दोघं टीव्हीच्या रिमोटला दोन्हीकडून लोंबकळले होते. सासूबाई सोफ्यावर बसल्या होत्या, मैदानावर जाऊन सुनेचे सामने बघून बघून तयार झालेल्या. त्यांनी हातातला सुई-दोरा खाली ठेवून दोन्ही अंगठे वर केले. दुसऱ्या दिवशी फ्रिजवर बाण आला. तेव्हापासून घरात ओढाताण झाली की बाण बघायचा आणि गप बसायचं. सुट्टीत कोणाच्या माहेरी-सासरी जायचं, पोरीचे केस कापायचे की वाढवायचे, पंखा दोनवर की चारवर, सगळं बाणाने ठरलं. बाहेरच्यांना हा पोरकटपणा वाटायचा. वाटू दे. बाहेरच्यांच्या घरात कोणाचा आवाज मोठा, यावर ठरतं.

आता मुद्द्याचं. एका शुक्रवारी शिट्टीबाईला लीगवाल्यांचा फोन आला. मोठी लीग, पूर्ण हंगाम, पॅनेलवरची रेफरी. शुक्रवारी निघायचं, गावोगावचे सामने करायचे, सोमवारी परत. हे बोलावणं यावं म्हणून ती गेली कित्येक वर्षं थंडीत, उन्हात, फुकटच्या शालेय सामन्यांत, डोक्यावर बाटल्या झेलत पळत होती. उत्तर दहा दिवसांत, पुढच्या आठवड्यानंतरच्या सोमवारपर्यंत द्यायचं होतं. जेवताना तिने घरात सांगितलं. पोरगी पहिलीत, तिने टाळ्या वाजवल्या. सासूबाईंनी भाजी वाढता वाढता तिच्या पाठीत एक धपका घातला. त्यांचं कौतुक असंच असतं. नवरा म्हणाला, "अरे वा." आणि पाणी प्यायला.

बुधवारी तो कारखान्यातून आला तो एक बातमी घेऊन.

"मॅनेजरने बोलावलं होतं. नाइट शिफ्टचा इन्चार्ज होतोस का म्हणाला."

"तू मागितलंस?"

"मी कशाला मागतोय? त्यांनी स्वतःहून बोलावलं."

"नाइट म्हणजे शनिवार-रविवार पण?"

"शनिवार-रविवार तर नक्कीच."

म्हणजे दोघंही एकदम घराबाहेर. पोरगी रात्री कोणापाशी? दोघांनी वळून सासूबाईंकडे बघितलं.

"माझ्याकडे बघू नका," सासूबाई म्हणाल्या. "नऊला गोळी घेतली की मला घर पडलं तरी कळत नाही. आणि मी आजी आहे, बेंचवरची राखीव खेळाडू नाही."

दोघांचे हात बॉलवर. कोणी सोडेना. तिघांनीही फ्रिजकडे पाहिलं. बाणाचं टोक खिडकीकडे होतं.

शिट्टीबाई तीन दिवस येता-जाता बाणाकडे बघत राहिली. रविवारी सकाळी चहाचा कप आपटून म्हणाली, "हा बाण चुकीचा आहे. कधीच फिरायला हवा होता."

"कसा काय?" तो.

"मागचा हेल्ड बॉल कशावर होता? छोट्या खोलीवर. मला तिथे पोरीचं टेबल टाकायचं होतं, तुला व्यायामाची खोली करायची होती. बाण तुझा होता, खोली तुला मिळाली. पाळी वापरलीस. बाण फिरायला हवा."

"पाळी कुठे वापरली? खोलीत काय आहे?"

"गाद्या आणि तुझ्या आत्याचं कपाट."

"मग! बॉल आत गेलाच नाही. कोणाचा हात लागला नाही. थ्रो-इन संपला नाही, तर बाण फिरत नाही. तूच पोरांना शिकवतेस." तो बिस्किट बुडवत म्हणाला. टेबलावर बसणाऱ्या माणसाचं हे असं असतं. तो पळत नाही, त्याला घाम येत नाही, पण कलम पाठ असतं.

"बरं. थ्रो-इनला किती सेकंद मिळतात?"

"पाच."

"आणि पाचात नाही फेकला तर?"

तो बिस्किट बुडवायचा थांबला. बिस्किट कपात पडलं.

"तर व्हायोलेशन!" ती ओरडली. "बॉल समोरच्याला. वर पाळीही गेली, बाण फिरला! दोन उन्हाळे झाले, तू बॉल हातात धरून रेषेबाहेर उभा आहेस. एक डंबेलसुद्धा आणला नाहीस!"

"मोजलं कोणी?" तो शांतपणे म्हणाला.

"काय?"

"पाच सेकंद रेफरीने हात हलवून मोजायचे असतात. सगळ्यांना दिसेल असे. तू मोजलेस? आई, हिने कधी मोजलं?"

दोघंही सासूबाईंकडे वळले. सासूबाईंना सून लीगमध्ये जायला हवी होती. शेजारणींना सांगायला काय झकास झालं असतं! पण बाण त्यांनीच बनवला होता. चष्मा वर सरकवून त्या उठल्या आणि फ्रिजपाशी गेल्या.

"मोजलं नाही गं," त्या शेवटी म्हणाल्या. "टोमणे मारलेस. टोमणे म्हणजे मोजणं नव्हे. बाण त्याचाच."

शिट्टीबाईने कप धुऊन पालथा घातला. चिडली होती, पण खरं सांगायचं तर हा निकाल तिनेही मैदानावर असाच दिला असता. "ठीक आहे," ती म्हणाली. "उद्या फोन करून नाही म्हणते." आणि आत जाऊन बुटांच्या नाड्या इतक्या आवळून बांधल्या की एक तुटली.

संध्याकाळी दोघांचा एकाच सामन्याला नंबर लागला होता. निळे विरुद्ध पिवळे, स्थानिक क्लबांची उपांत्य फेरी. ती मैदानावर, तो टेबलावर. दोघं एकाच स्कूटरवर आले, मध्ये तिसरा माणूस मावेल एवढी जागा सोडून. टेबलावर त्याच्या शेजारी चोवीस बसला होता. चोवीस म्हणजे शॉट क्लॉकवाला. बॉल बास्केटवर मारायला मिळणाऱ्या चोवीस सेकंदांचं घड्याळ तो चालवतो म्हणून चोवीस. तो त्याच खोक्यांच्या कारखान्यात डिस्पॅचला आहे. त्याचं तोंड आणि घड्याळ दोन्ही एकदम चालू होतात, फरक इतकाच की घड्याळ थांबतं.

पहिला अर्धा सामना बरा गेला. मध्यंतर झालं. मध्यंतरात दोन्ही संघ बाजू बदलतात. म्हणजे ज्या टोकाला निळे टाकत होते तिथे आता पिवळे टाकणार. बाण दिशा दाखवतो, त्यामुळे बाजू बदलल्या की बाणही एकदा उलटा फिरवावा लागतो, नाहीतर पाळी नको त्याला जाते. हे काम स्कोअररचं. टेबलसाहेब इतक्या वर्षांत ते एकदाही विसरला नव्हता. त्या दिवशीही विसरला नाही.

तिसरा क्वार्टर थ्रो-इननेच सुरू होतो. शिट्टीबाई टेबलासमोरच्या बाजूला, मधल्या रेषेपाशी गेली, बाणाकडे नजर टाकली आणि बॉल निळ्यांच्या हातात दिला. खरं तर पाळी पिवळ्यांची होती आणि रेफरीने ते डोक्यातही ठेवायचं असतं. पण तिच्या डोक्यात उद्याचा फोन होता. निळ्याने बॉल आत फेकला, दुसऱ्या निळ्याने झेलला, आणि पिवळ्यांचा कोच असा उठला की खुर्ची मागे पडली.

"आमची पाळी! आमची पाळी होती! दरोडा आहे हा!"

"चष्मा!" मागून प्रेक्षकांतून कोणीतरी ओरडलं. या वेळी तिने सूट जाहीर केली नाही.

बॉल थांबला तशी ती टेबलापाशी आली.

"बाण कोणी फिरवला?"

"मी," टेबलसाहेब म्हणाला. "मध्यंतराला. नेहमीसारखा."

"मीपण," चोवीस म्हणाला.

दोघांनी त्याच्याकडे बघितलं.

"तू कशाला हात लावलास?" टेबलसाहेब खेकसला. "बाण स्कोअररचा असतो!"

"अरे, मला वाटलं तू विसरणार! मध्यंतरभर नुसता बडबडत होतास, इन्चार्ज झालो की हे करीन, इन्चार्ज झालो की ते करीन. मी म्हटलं, याचं चित्त काही ठिकाणावर नाही. वहिनी, तुम्हीच सांगा, गेल्या सोमवारी अर्ज दिल्यापासून हा माणूस हवेत आहे की नाही? आमच्या अख्ख्या डिस्पॅचला सांगून झालंय."

टेबलसाहेबाने खाली मान घालून स्कोअरशीटवर काहीतरी लिहायला घेतलं. लिहिण्यासारखं काही नव्हतं.

"सोमवारी," शिट्टीबाई म्हणाली.

"सोमवारी सकाळी. गेट उघडायच्या आधी हा ऑफिससमोर उभा. मी म्हटलं, काय रे, पगार चुकला की काय?"

पिवळ्यांचा कोच टेबलावर मूठ आपटत होता. ती त्याच्याकडे वळली आणि तिचा आवाज एकदम दुकानातल्यासारखा झाला, चष्म्याचा नंबर सांगताना असतो तसा. "साहेब, पाळी तुमचीच होती. चूक आमची. पण बॉल आत लागला, आता मागे घेता येत नाही. तुमची पाळी मात्र गेलेली नाही. पुढचा हेल्ड बॉल झाला की बॉल तुमचा. बाण तुमच्याकडे करून ठेवतेय, बघून घ्या."

"आणि आत्ता जो बॉल गेला त्याचं काय?"

"त्याचं काही नाही. गेला."

तिने स्वतःच्या हाताने बाण पिवळ्यांकडे केला, नवऱ्याच्या तोंडाकडे न बघता. उरलेला सामना तिने इतका कडक केला की दोन्ही संघ शाळेतल्या मुलांसारखे वागले. पिवळे तरीही हरले. कोच जाता जाता म्हणाला, तुमच्या टेबलाला औषध द्या.

परतताना पुन्हा तीच स्कूटर. जाताना ती फुगली होती. येताना तो आकसला होता.

घरात शिरल्या शिरल्या तिने बूट काढले नाहीत. सासूबाई पोरीला झोपवून बाहेर आल्या होत्या, गोळी अजून हातातच होती.

"आई, जरा बसा. सकाळचा निकाल पुन्हा बघायचाय."

"बाणाचा? तो लागला ना."

"बाणाचा नाही. त्याच्या आधीचा." ती नवऱ्याकडे वळली. "मला फोन कधी आला?"

"शुक्रवारी."

"तू अर्ज कधी दिलास?"

त्याने स्कूटरची किल्ली खिळ्याला अडकवली, काढली, पुन्हा अडकवली.

"मॅनेजरने स्वतःहून बोलावलं नाही. तू सोमवारी गेट उघडायच्या आधी जाऊन उभा राहिलास. बॉल माझ्या हातात होता, दोन्ही हातांत, छातीशी. तुझा हात मागून आला. आणि मी वेड्यासारखी तीन दिवस बाणाकडे बघत बसले! हेल्ड बॉल केव्हा होतो? दोघांनी धरलेला असेल तेव्हा. एकाने धरलाय आणि दुसऱ्याने येऊन हात मारला, तर त्याला काय म्हणतात?"

तिने मूठ वर केली, मग दुसऱ्या हाताने स्वतःच्या मनगटावर फटका मारला. सामन्यात करते तसाच, कोरडा, टक्क आवाज येणारा. सासूबाई दचकल्या.

"फाऊल," त्या म्हणाल्या. मग मुलाकडे वळून, "अरे गाढवा, फाऊल आहे हा!"

"आई, तू मध्ये..."

"मी मध्येच आहे. माझ्या बाणाचा तू उपयोग करून घेतलास. सकाळी मी माझ्या तोंडाने तिच्या विरुद्ध निकाल दिला, मनात नसताना! मला खोटं पाडलंस तू. भांडून अडवलं असतंस तर मला इतका राग आला नसता."

टेबलसाहेब खुर्चीवर बसला. त्याची बाजूही सांगायला हवी, सांगितली नाही तर हा लबाडपणा होईल. त्यानेही एकेकाळी रेफरीची परीक्षा दिली होती. लेखीत पहिला आला, पळण्यात नापास झाला. श्वास लागायचा. मग टेबल मिळालं, आणि टेबलावरून त्याने बायकोला वर्षानुवर्षं पळताना बघितलं.

"तू जाणार," तो म्हणाला, "टीव्हीवर दिसणार. आणि मी कोण? इथे बसून बाण फिरवणारा. मला वाटलं, मलाही काहीतरी असावं."

"असू दे ना! अर्ज दे! शंभर अर्ज दे! पण माझ्या आधी दे, नाहीतर माझ्यानंतर सांगून दे. 'मी तुझ्यावर जळतोय' म्हणाला असतास तरी चाललं असतं. तुझं जळणं मी निस्तरलं असतं. तू मला नियमात अडकवलंस. मला! जी नियमासाठी बाटल्या खाते!"

तो मान वर न करता म्हणाला, "साधा फाऊल की अनस्पोर्ट्समनलाइक?"

"हात मारलास तो साधा. 'स्वतःहून बोलावलं' म्हणालास, ती लबाडी, तिथे अनस्पोर्ट्समनलाइक झाला."

"म्हणजे हिला दोन फ्री थ्रो," सासूबाई लगेच म्हणाल्या, "आणि वर बॉल. म्हणजे लीग हिचीच."

"आई!"

"ओरडू नकोस, पोरगी उठेल. पहिला थ्रो: सकाळी पोरीचा डबा आणि वेणी, हंगामभर. दुसरा: छोटी खोली रिकामी कर. आत्याचं कपाट आत्याला."

"वेणी मला येत नाही."

"शिकशील. पळण्यात नापास झालास, वेणीत श्वास लागत नाही."

शिट्टीबाईला हसू फुटलं आणि हसू फुटल्याचा रागही आला. ती हसता हसताच म्हणाली, "मी हसतेय म्हणजे माफ केलं असं समजू नकोस." तो म्हणाला, "तसं नाही समजत." तो खरंच तसं समजत नव्हता. दुसऱ्या दिवशी मॅनेजरसमोर उभं राहून अर्ज मागे घेताना त्याचे कान लाल झाले होते, ही बातमी चोवीसने अख्ख्या डिस्पॅचला पोचवली.

त्याच सोमवारी दुपारी, दुकानात गिऱ्हाईकाला लांबचं अक्षर वाचायला लावून, शिट्टीबाईने लीगला फोन केला आणि हो म्हणाली. गिऱ्हाईक बिचारं तोवर शेवटची ओळ चार वेळा वाचून मोकळं झालं होतं.

निघायच्या आदल्या दिवशी सामान भरताना घरातल्या एकुलत्या एक चाकांच्या बॅगेचा पट्टा तिने धरला, तर दुसरा पट्टा त्याच्या हातात.

"ही मला लागते," तो म्हणाला. "सामन्याचं घड्याळ, हॉर्न, पाट्या, सगळं हिच्यात नेतो मी. शनिवारी फायनल आहे."

"मी गावोगाव फिरणार आणि बॅग तुला?"

दोघांनी एकदमच धरली होती. या वेळी कोणाचा हात आधी, कोणाचा नंतर, असं काहीच नव्हतं. पोरगी समोर बसून बघत होती आणि तिने छोटे छोटे दोन अंगठे वर केले. आजीने शिकवलं होतं.

"बाण कुठेय?" सासूबाईंनी आतून विचारलं.

"खिडकीकडे," पोरगी धावत स्वयंपाकघरात जाऊन ओरडली.

"अजून? कसा काय?" शिट्टीबाई म्हणाली, आणि म्हणता म्हणताच तिला उत्तर आलं. फाऊलने पाळी जात नाही. त्याचा बाण त्याने वापरलाच नव्हता. नियम सांगायची सोय त्याला राहिली नव्हती, पण पट्टाही त्याने सोडला नाही.

"घे," ती म्हणाली. "तुझीच पाळी आहे."

"खरंच घेऊ?"

"माझं डोकं फिरायच्या आत घे."

शुक्रवारी पहाटे ती निघाली ती जुनी, चेन तुटलेली, सुतळीने बांधलेली बॅग खांद्यावर टाकून. जिन्यात तिच्या तोंडून नवऱ्याला उद्देशून जे निघालं ते छापण्यासारखं नाही. वर दारात तो पोरीची पहिली वेणी घालत बसला होता. वेणी एका कानाजवळून सुरू होऊन दुसऱ्या कानाकडे निघाली होती, आणि पोरगी सांगत होती, "बाबा, ही बाजू नाही, ती बाजू."